आमच्या घरांतील दशावतार

2017 सालच्या वैशाखांतील गोष्ट. भद्रावतीचें ऊन ज्यांनीं सोसलें आहे, त्यांस दुपारीं जेवणानंतर काळोख्या माजघरांत घटकाभर लवंडणें ही चैन नसून गरज आहे, हें सांगावयास नको. आमचा नुकताच डोळा लागला होता, तोंच असा कांहीं गडगडाट झाला कीं, कोळशाच्या खाणींतला सुरुंग आज आमच्याच छपराखालीं उडाला असें वाटून आम्ही ताडकन् उठून बसलों. माडीवर जाऊन पाहतों तों आमचा पुतण्या डोळे मिटून मान हलवीत बसलेला, आणि समोरच्या स्पीकरमधून कोणी तरी गुरगुरत आहे!

“हें काय चाललें आहे?”

“काका, हेवी मेटल. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ मंडळींचा नवा अल्बम आला आहे.”

नांवाचा अर्थच मुळीं राक्षसी पुनरुत्थान! आम्हीं तेथल्या तेथें हुकूम सोडला कीं, हा प्रकार या घरांत पुन्हां वाजतां कामा नये. घरांत वृद्ध माणूस आहे.

पुतण्यानें वाद घातला नाहीं. त्यानें गाण्यांची यादी मात्र पुढें केली. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह येथपासून थेट कल्कीपर्यंत दहा अवतारांचीं दहा गाणीं, आणि अल्बमाचें नांव ‘दशावतार’! नववें गाणें बुद्धाचें. आमच्या गांवच्या विजासन लेण्यांत जो शिलारूपानें बसला आहे, तोच. आम्ही जरा वरमलों. साहिल मखिजा या तरुणानें 2000 सालीं ही मंडळी उभी केली, आणि या संगीताला आपल्याकडे फारसा आश्रय नसतांही सतरा वर्षें ती टिकविली, असें पुतण्यानें सांगितलें. हा गृहस्थ चित्रफितींतून पाकक्रियाही शिकवितो, हें कळतांच आमचें स्वयंपाकघर एकमुखानें त्याच्या पक्षाला मिळालें.

या संगीताची जन्मकथाही त्यानें ऐकविली. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यांत टोनी आयोमी नांवाच्या सतरा वर्षांच्या गिटारवादकाच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं. पुढें तारा सैल केल्या, आणि स्वर खालीं उतरून जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ मंडळींचा पहिला अल्बम 1970 सालीं निघाला, तेथून हा पंथ सुरू झाला. कोळसा आणि आयुध निर्माणी यांच्या सोबतीनें राहणाऱ्या आम्हांस ही कथा अगदींच परकी वाटली नाहीं. तरी हुकूम कायम राहिला. कारण वर सांगितलेंच आहे. घरांत वृद्ध माणूस.

तें माणूस म्हणजे आमचे तीर्थरूप. चाळीस वर्षें त्यांनीं गांवोगांवीं कीर्तनें केलीं. नृसिंहजन्माच्या आख्यानांत खांब फुटतांना ते अशी आरोळी ठोकीत कीं, पुढच्या रांगेंतलीं मुलें आईच्या कुशींत शिरत. आतां कान जवळ जवळ गेलेले. श्रवणयंत्रानें नुसता कलकलाट होतो म्हणून तें डबींत पडलेलें. एकेक वाक्य तीनदां ओरडून सांगण्याचा कंटाळा येऊन आम्ही खुणांवर आलों होतों, आणि पुढें पुढें खुणाही कमी झाल्या होत्या.

त्याच दिवशीं सायंकाळीं देवदर्शनाहून परत येतों तों तोच गडगडाट! रागानें आंत शिरलों आणि दारांतच थबकलों. स्पीकर तीर्थरूपांच्या खाटेवर होता. त्यांचा तळवा त्यावर टेकलेला. पुतण्यानें पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘नृसिंह’ लिहून ती त्यांच्यापुढें धरली होती. दोन्ही पायांनीं वाजविलेल्या त्या ढोलाचा घुमारा कानांनीं नव्हे, तर हातांतून त्यांस पोंचत होता, आणि दुसऱ्या हाताचीं बोटें गुडघ्यावर ताल धरीत होतीं.

“खांब फुटला,” ते एकाएकीं म्हणाले. मग चिरक्या, सवय मोडलेल्या आवाजांत त्यांनीं आपलें आख्यान आरंभिलें. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एवढीं वाक्यें आम्हीं ऐकलीं नव्हतीं. अर्ध्यावर दम लागला, तेव्हां त्यांनीं पुतण्याला पेटी पुन्हां वाजविण्याची खूण केली. मंडळी एकेक करून खाटेभोंवतीं बसली, आम्हीही बसलों.

तीर्थरूप आज नाहींत. तें संगीत आम्हांस अद्यापि आवडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यांच्यासाठीं म्हणून आम्हीं जी शांतता राखली होती, ती त्यांस कधींच नको होती; ती आमच्या सोयीची होती. हें आम्हांस एका अठरा वर्षांच्या मुलानें दाखविलें. ज्या वाचकांच्या घरीं असा एखादा गप्प झालेला वृद्ध असेल, त्यांनीं त्याच्या नांवावर घरांतला आवाज बंद करण्यापूर्वीं एकदां त्यालाच पाटीवर लिहून विचारून पाहावें.