चार धुराड्यांची बोट

आमच्या घरातील लोखंडी कपाटावर सध्या एक बोट उभी आहे. लांबी ६७ सेंटिमीटर, धुराडी चार, आणि धूळ बसू नये म्हणून वर पारदर्शक प्लॅस्टिक. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ही कुठून आणली? मुलगा सांगतो, आणली नाही, बनवली. कुणी बनवली हे मात्र तो सांगत नाही, कारण त्याबाबत आमच्यात अजून मतभेद आहेत.

गोष्ट गेल्या वर्षीची आहे. मुलगा दहावीला गणितात नापास झाला. दहावीला नापास होणारी मुले काही कमी नाहीत, आणि बारावीला एकदा मीही गटांगळी खाल्लेली आहे. पण वाचकहो, मी गेली पंधरा वर्षे वस्तीतल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. ऑफिस सुटले की थेट तिकडे. कॉमर्सच्या मुलांना बुककीपिंग आणि दहावीच्या मुलांना, होय, गणितच. निकालाच्या दिवशी त्यातली दोन मुले पेढे घेऊन आमच्या दारात आली. घरात कोणी जेवले नव्हते. मी पेढे घेतले, मुलांच्या पाठीवर थाप मारली आणि दार लावून घेतले. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, दुसऱ्यांची मुलं शिकवलीत. आपला एकच होता, तो राहिला." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो ऐकून घेत होता. नंतर त्याने माझ्याशी बोलणेच बंद केले. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म मी भरला, पण पुस्तकाला तो हात लावीना. अशा वेळी त्याचा मामा दुबईहून सुट्टीवर आला. भाचा पास होणार हे गृहीत धरून त्याने बक्षीस आधीच घेऊन ठेवले होते. आता द्यावे की न द्यावे, या पेचात ते खोके दोन दिवस त्याच्या बॅगेतच होते. शेवटी द्यायचे म्हणून दिले. खोक्यावर रात्रीच्या समुद्रातील मोठी बोट छापलेली, खाली 'टायटॅनिक' आणि १:४०० असा आकडा. मी म्हणालो, "परीक्षा झाल्यावर उघडायचं." तो म्हणाला, "मला नकोच आहे." खोके खाटेखाली गेले.

पंधरा-वीस दिवसांनी एका बैठकीहून रात्री उशिरा घरी आलो. झोप येईना. कसा कोण जाणे, हात खाटेखाली गेला. आमच्या लहानपणी असली खेळणी नव्हती. काडेपेटीची आगगाडी हीच आमची कारागिरी. खोके उघडले तर आत प्लॅस्टिकच्या चौकटी आणि त्यांत अडकलेले शेकडो भाग. मी एक धुराडे हातानेच पिरगाळून काढले, दोन अर्धे भाग झटपट चिकटणाऱ्या गमने जोडले आणि बसवून टाकले बुडख्यावर. पाच मिनिटांत काम झाले म्हणून स्वतःवरच खूश होतो. मागून आवाज आला, "पप्पा, ते उलटं आहे."

तीन आठवड्यांत तो माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य.

टायटॅनिकची धुराडी किंचित मागे कललेली होती. माझे धुराडे पुढे झुकले होते. म्हणजे बोट चालू लागली असती तर ती मागे चालली आहे असेच पाहणाऱ्याला वाटले असते. घाईघाईने उपटायला गेलो तर खालची खुंटी मोडली आणि गमाच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरट डाग पडला. तो काही न बोलता खाली बसला, माहितीपत्रक उलगडले आणि पहिल्या पानापासून वाचू लागला. मी ऑफिसात रोज परिपत्रके वाचतो, पण ही अक्कल मला सुचली नव्हती.

त्यानंतर रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा बोटीचे काम. अट एकच आणि तीही त्यानेच घातली: मी अभ्यासाचे नाव काढायचे नाही. खरे सांगायचे तर पहिले आठ दिवस आम्ही फक्त चुका केल्या. भाग हाताने तोडायचे नसतात. नेलकटरने अलगद कापून, राहिलेला कोंब पॉलिश पेपरने घासायचा असतो. स्टेशनरीच्या दुकानातला ॲक्रिलिक रंग लावला तर त्याचे थेंब गोळा होऊन नखाने निघू लागले. पुढे कळले की साच्यातून सुटावे म्हणून लावलेल्या तेलाचा अंश प्लॅस्टिकवर राहतो. मग पत्नीच्या परातीत भांड्यांच्या साबणाचे पाणी करून सगळी बोट धुतली. बारीक भाग वाहून जाऊ नयेत म्हणून पिठाची चाळणी घेतली. त्या चाळणीवरून जे झाले ते वेगळेच. नवी चाळणी आणावी लागली.

रंगात कष्ट फार. तळ लाल, वरचे अंग काळे, त्याच्यावरचे मजले पांढरे, धुराडी पिवळसर आणि त्यांची टोके काळी. लाल-काळ्याच्या मधली रेघ सरळ यावी म्हणून चिकटपट्टी लावायची, तिची कड नखाने घट्ट दाबायची आणि रंग अर्धवट ओला असतानाच पट्टी सोडवायची. आमची रेघ उजवीकडे सरळ आहे. डावी बाजू भिंतीकडे ठेवली आहे.

मला सर्वांत आवडली ती तारा ओढण्याची युक्ती. भाग काढून घेतल्यावर उरलेल्या चौकटीची एक काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. ती मऊ होऊन लोंबू लागली की ज्योतीबाहेर घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढायची. केसासारखी लांब तार निघते. जास्त तापली तर तुटते, घाई केली तरी तुटते. मुलाने एका रात्रीत वीस-बावीस तारा काढल्या. माझ्या चारच धड निघाल्या. डोलकाठ्यांपासून धुराड्यांपर्यंतच्या सगळ्या तारा त्याच्याच आहेत, हे मी इथे लेखी कबूल करतो.

एके रात्री त्याने विचारले, "यात माणूस केवढा असेल?" मी तोंड उघडणार होतो, पण अट आठवली. तोच पुटपुटू लागला. १ मिलिमीटर म्हणजे ४० सेंटिमीटर. साडेपाच फुटांचा माणूस म्हणजे १६८ सेंटिमीटर, म्हणजे ४.२ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याहून लहान. मग कठडा मोजला. तो जाडीला अर्धा मिलिमीटर भरला, म्हणजे खऱ्या बोटीवर २० सेंटिमीटर जाड! "एवढा जाड कठडा कोण धरणार, पप्पा?" कठडे त्याने घासून निम्मे केले, त्यात दोन मोडले. प्रमाण हा धडा दहावीच्या परीक्षेआधी मी त्याला तीन वेळा शिकवला होता. त्या रात्री मी गप्प राहिलो, आणि पंधरा वर्षांच्या शिकवण्यात एवढे अवघड काम मी दुसरे केलेले नाही.

लाइफबोटींच्या पानावर आलो तेव्हा मात्र काम थांबले. चिमुकल्या होड्या रंगवून त्याने ओळीने वर्तमानपत्रावर वाळत ठेवल्या आणि मोजल्या. २०. "एवढ्याच? आपल्याला भाग कमी आले का?" भाग बरोबर होते. खऱ्या टायटॅनिकवरही २०च होत्या आणि त्यांत १,१७८ माणसे मावत. बोटीवर होती २,२०० च्या वर. यात कायदा मोडलेला नव्हता, हे सांगताना मलाच कसेसे झाले. ब्रिटिश नियम १८९४ सालचे; १०,००० टनांच्या वरच्या बोटीला १६ लाइफबोटी पुरेत असे त्यांत होते, आणि टायटॅनिक ४६,००० टनांची. नियमापेक्षा चार जास्तच होत्या. होड्या टांगायचे दांडे तर जास्त होड्या पेलतील असेच बसवले होते. सरकारी कागदात 'नियमानुसार' हा शब्द मी रोज टाइप करतो.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे सुमारे १,५०० माणसे गेली. पहिल्या वर्गातील साधारण ६० टक्के प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातील जेमतेम २५ टक्के. मुलाने विचारले, तिसरा वर्ग आपल्या बोटीत कुठे आहे? आम्ही शोधला. झोपायच्या खोल्या खाली, पुढच्या आणि मागच्या टोकाला. मोकळ्या हवेची जागा मुख्यतः शेपटीकडच्या डेकवर. आणि लाइफबोटी सगळ्या वरच्या मजल्यावर. बोट समोर असली की हे अंतर बोटाने मोजता येते.

मग तो भिंतीवरच्या फोटोकडे पाहत म्हणाला, "बाबासाहेब पण बोटीनेच गेले ना?" होय. टायटॅनिक बुडाल्यावर सव्वा वर्षाने, जुलै १९१३ मध्ये, ते याच अटलांटिकवरून न्यूयॉर्कला उतरले. आणि १९१७ मध्ये परतताना त्यांनी पुढे पाठवलेली पुस्तके आणि सामान ज्या बोटीवर होते, ती जर्मन पाणबुडीने बुडवली. हे त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सगळी पुस्तकं?"

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हे सगळे खाटेवरून ऐकत असत. त्यांची उमर मुंबई गोदीत गेली. बोटीच्या पोटात उतरून माल काढायचा. आता नजर अधू आहे. गोदीविषयी ते घरात कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाही. एके रात्री त्यांनी बोट जवळ आणायला सांगितली, तिच्या काळ्या अंगावरून बोटे फिरवली आणि विचारले, "कोळसा कुठून भरत?"

मला सांगता येईना. मुलाने मोबाइलवर शोधले. कोळसा बाहेरून आत टाकायला बोटीच्या अंगालाच झाकणाची दारे होती. आत २९ बॉयलर, १५९ भट्ट्या, दिवसाला सुमारे ६०० टन कोळसा. भट्टीवाल्यांची पाळी चार तासांची. कोठारातला कोळसा त्यांच्यापर्यंत एकचाकी हातगाडीने ओढणारे मजूर वेगळे. त्या वर्षी इंग्लंडात खाणकामगारांचा मोठा संप झाला होता, म्हणून दुसऱ्या बोटींचा कोळसा काढून टायटॅनिकला भरला होता.

"हातगाडीनं? बोट डुलत असताना?" अण्णा म्हणाले. आणि मग बोलू लागले. गंधकाच्या बोटीवर पाळी लागली की रात्रभर डोळे उघडता येत नसत. घरी आल्यावर आमची आई अंगणात उभे करून अंगावर पाणी ओतायची, तेव्हा कुठे आत यायचे. एकदा शेजारचा माणूस वरून सुटलेल्या गोणीखाली आला. त्याचे नाव अण्णांना आठवत होते, गावही आठवत होते. लहानपणी रात्री त्या पाण्याच्या आवाजाने मला जाग येत असे आणि मी पुन्हा झोपत असे. ते पाणी कशासाठी होते हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

त्या रात्री बोटीचे काम झाले नाही. साडेअकरा वाजले तरी मुलगा खाटेच्या कडेला बसून होता.

फेरपरीक्षेत तो ४३ गुणांनी पास झाला. पेढे वाटले नाहीत, त्यालाच नको होते. आता तो आयटीआयला फिटरच्या ट्रेडला आहे. मी कॉमर्स सुचवले होते.

राहता राहिले चौथे धुराडे. धूर पहिल्या तीन धुराड्यांतूनच जात असे. चौथे मुख्यतः हवा खेळती राहावी म्हणून, आणि थोडे देखाव्यासाठी. त्या काळी जास्त धुराडी म्हणजे मोठी बोट अशी लोकांची समजूत होती. मी मोडले होते ते नेमके तेच. मुलाने आत काडेपेटीची काडी घालून ते उभे केले, डागावर दोनदा रंग चढवला. तरी उन्हाची तिरीप आली की जोड दिसतो. कुणी निरखून पाहू लागले की मुलगा सांगतो, "ते पप्पांनी केलंय."