गवतासाठी पैसे मागताना

झाडासाठी देणगी मागणं सोपं असतं. देणगीदार येतो, खड्ड्यात रोप ठेवतो, फोटो निघतो, शेजारी पाटी लागते. गवतासाठी हात पसरला की पहिला प्रश्न ठरलेला: "गवत तर आपोआप उगवतं ना?" ह्यूस्टनमध्ये गवताळ माळ पुन्हा उभे करण्याचं काम मी करते. माझा निम्मा वेळ या प्रश्नाचं उत्तर देण्यात जातो आणि उरलेला बराचसा बजेटच्या तक्त्यांत.

गवत आपोआप उगवतं हे खरंच आहे, पण कुठलं? टेक्सास आणि लुईझियानाच्या किनारपट्टीवर एकेकाळी सुमारे ९० लाख एकर प्रेअरी होती. लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास, त्यांच्या मधून रानफुलं आणि पावसात भरणारे उथळ खळगे. नांगर, गुरं, तेल आणि शेवटी शहर, असं करत ती गेली. आज त्यातला एक टक्काही शिल्लक नाही. ह्यूस्टन याच माळावर वसलंय. इथली जागा मोकळी सोडली तर उठतात ती परदेशी गवतं, आणि त्यातली दोन मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीची. एक हरळी. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा इथे बर्म्युडा ग्रास या नावाने सगळ्या लॉनवर पसरली आहे. दुसरं मारवेल. आपल्याकडे बांधावर मारवेल असलं की शेतकरी खूश. इथे क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणून ते देशी गवताला डोकं वर काढू देत नाही. गणेशोत्सवात मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, "अगं, तुझ्या कामावर दूर्वा मिळतील का गं?" म्हटलं, "पोतंभर न्या काकू, पण फवारलेल्या आहेत, देवाला चालायच्या नाहीत."

या फवारणीपासूनच खर्चाला सुरुवात होते. हरळी एका फवारणीत जात नाही. मुळापासून मारायची तर एक-दोन हंगाम फवारणी करावी लागते, आणि तेवढा काळ जागा जळाल्यासारखी दिसते. नेमका त्याच वेळी एखादा देणगीदार पाहायला आला तर? आम्ही चक्क तारखा पुढे ढकलतो.

शहरी प्रेअरीला मोठा पैसा कसा मिळतो, याचं इथलं ठळक उदाहरण म्हणजे मेमोरियल पार्क. सुमारे १५०० एकरांची ही बाग पहिल्या महायुद्धातल्या कॅम्प लोगन या लष्करी तळाच्या जागी १९२० च्या दशकात झाली. हॉग कुटुंबाने ती जमीन शहराला खरेदीच्या भावात दिली. २०११ च्या भीषण दुष्काळात इथली झाडं इतकी मेली की बागेचा नव्याने विचार करणं भाग पडलं. २०१५ मध्ये शहराने मंजूर केलेल्या आराखड्यात प्रेअरीला जागा मिळाली. पण जागा मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. २०१८ मध्ये किंडर फाउंडेशनने सात कोटी डॉलर जाहीर केले आणि कामाला वेग आला. रिच किंडर यांचं नाव तेल-वायूच्या पाइपलाइनच्या धंद्यातलं. ते पैसे गवताला लागावेत याची मला गंमत वाटते, तक्रार नाही.

या देणगीच्या जोडीला सरकारी पैसाही होता, आणि त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. बागेलगतच्या अपटाउन या श्रीमंत भागात एक कर-क्षेत्र आहे. ज्या वर्षी असं क्षेत्र घोषित होतं, त्या वर्षीच्या मालमत्ता मूल्याला रेघ मारतात. पुढे भाव चढले की वाढीव मूल्यावरचा कर शहराच्या सामायिक तिजोरीत न जाता त्या क्षेत्रातल्या कामांवर खर्च होतो. मेमोरियल पार्क या क्षेत्रात जोडलं गेलं, म्हणून त्याला हा ओघ मिळाला. माझा आक्षेप इथेच आहे. जिथे टॉवर उठतात तिथेच कर वाढतो, आणि तिथल्याच बागेत प्रेअरी येते. शहराच्या पूर्वेला, रिफायनऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्यांच्या बागांना असा शेजार कुठून मिळणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मेमोरियल ड्राइव्ह या रस्त्यावर बोगदे बांधून, त्यांवर माती रचून केलेला भूपूल खुला झाला आणि त्याच्या भोवती प्रेअरी आली. पुलाला किंडरांचं नाव, प्रेअरीला सिव्हिया आणि मेल्विन वुल्फ या दांपत्याचं. गवताच्या तुकड्यालाही नाव देता येतं हे मोठ्या देणगीदारांना तिथे दिसलं, हा आमच्या धंद्याचा फायदा. पण खरं सांगायचं तर लोकांच्या डोळ्यांत भरला तो पूल. काँक्रीटसोबत गवतही आलं.

अर्ज लिहिताना आणखी एक मोह होतो, तो पुराचा. २०१७ च्या हार्वी वादळानंतर 'प्रेअरी पाणी जिरवते' हे वाक्य अर्जात नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, अशी स्थिती आली. या गवतांची मुळं कित्येक फूट खोल जातात, लॉनपेक्षा ती पाणी नक्कीच चांगलं मुरवतात. पण तीन-चार दिवसांत चार-चार फूट पाऊस कोसळला तर बागेतलं गवत शहर वाचवेल, असं सूचित करणं मला खोटं वाटतं. मी 'रोजच्या पावसाचं पाणी' असं लिहिते. त्यामुळे गुण कमी पडत असतील तर पडोत.

सात कोटींच्या गोष्टी वर्तमानपत्रात येतात. आमची बहुतेक कामं लहान ग्रँटवर चालतात, आणि बहुतेक ग्रँटना मॅचिंग लागतं: त्यांनी एक डॉलर दिला की दुसरा तुम्ही दाखवायचा. रोकड नसली तर स्वयंसेवकांचे तास ठरावीक दराने मोजून दाखवता येतात. म्हणून माझ्या कामातला सर्वात मौल्यवान कागद म्हणजे क्लिपबोर्डवरचा हजेरीचा तक्ता: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. लिटल ब्लूस्टेमचं बी पिकतं ते दिवाळीच्या सुमारास, तेव्हा आपल्या मंडळींची शाळकरी मुलं सेवेचे तास भरायला येतात. कागदी पिशवीत कुसळासकट बी ओरबाडतात, सॉक्सवर चिकटलेलं सोलतात आणि आईचा हॉर्न वाजला की पळतात. गेल्याची वेळ कोरी. त्या कोऱ्या चौकटीपायी माझे तीन तासांचे डॉलर जातात. आता मी पार्किंगच्या तोंडाशी क्लिपबोर्ड घेऊन उभी राहते.

पैसे हातात पडतात तेही खर्च झाल्यावर. आधी तुम्ही करा, बिलं लावा, मग परतफेड. छोट्या संस्थेने तोवर ट्रॅक्टरवाल्याला काय द्यायचं? शिवाय निसर्गाचं आणि हिशेबाचं वर्ष जुळत नाही. करारावर सही वसंतात होते, बी पेरायचं शरदात किंवा हिवाळ्यात, आणि अहवाल मागितला जातो तेव्हा जमिनीवर दिसतं फक्त तण. देशी गवतं पहिली दोन वर्षं खाली मुळंच धरत असतात. तिसऱ्या वर्षी माळ दिसू लागतो, तर ग्रँट संपलेली असते.

त्यानंतरचं काम कधीच संपत नाही. परकं गवत उपटत राहायचं, चायनीज टॅलो या परक्या झाडाची रोपं कापायची, ठरावीक वर्षांनी आग लावायची. माळाला आग हवीच असते. पण फ्रीवेशेजारी धूर चालत नाही, म्हणून बऱ्याचदा कापणीवर भागवावं लागतं. देवळाच्या कळसाला देणगीदार मिळतात, दिवाबत्तीच्या तेलाला मिळत नाहीत, ही गोष्ट इथेही तशीच. आपल्याकडचे माळ तर सरकारी कागदावर 'पडीक', त्यावर झाडं लावायला निधी चटकन मंजूर होतो आणि माळढोकाचा माळ आक्रसत जातो. त्यामानाने माझी अडचण सुखवस्तूच.

म्हणून आता मी प्रत्येक अर्जात कायम निधीचं कलम घालते: रकमेचा एक हिस्सा खर्च न करता गुंतवायचा आणि व्याजातून कापणी चालवायची. बरेच देणारे ते कलम खोडतात, काही ठेवतात. गेल्या दिवाळीत ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एका वर्षाच्या कापणीचे पैसे दिले. पाटी नको म्हणाले. करसवलतीची पावती मात्र दुसऱ्याच दिवशी मागितली.