आवाज "मर्यादेत" होता म्हणे. मग खिडक्या का थरथरल्या?

मंडळी, विसर्जनाच्या रात्री डीजे आमच्या गल्लीतून गेला. खिडकीची तावदानं थरथरत होती, शेजारचे आजोबा छातीवर हात धरून बसले होते. मी मोबाईलवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवलं. पत्रकाराची सवय, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगच्या भाच्याला म्हटलं, "याचा आलेख काढून दे, बातमीला लावतो." त्यानं लॅपटॉपवर ऑक्टेव्ह उघडलं. मॅटलॅबसारखंच, पण फुकट. सेकंदाला ४४,१०० नोंदी, म्हणजे दहा मिनिटांत अडीच कोटींच्या वर आकडे. पडद्यावर नुसता निळा पट्टा. "मामा, असं काही कळणार नाही. फिल्टर लावू."

त्यानं चार ओळींचं फंक्शन लिहिलं. आवाजाची ऊर्जा घ्यायची, ठरावीक वेळेची सरासरी काढायची, मग त्याचे डेसिबल करायचे. सरासरी एक सेकंदाची धरली तर आलेखात सुळकेच सुळके. पाच मिनिटांची धरली तर रेष जवळपास आडवी! रेकॉर्डिंग तेच, बदलला फक्त एक आकडा.

मग उभा अक्ष. शून्यापासून सुरू केला तर चढउतार किरकोळ दिसतात, साठपासून सुरू केला की त्याच चढउतारांचे डोंगर होतात. इथं मी जरा गप्प झालो. पाणीपट्टी वसुलीच्या बातमीत असाच तळ कापलेला आलेख मीही छापलाय. आकडे खरे होते, पण दिसत होतं ते नव्हतं.

खरी गोम पुढे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती 'ए' फिल्टर लावून मोजायची. आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून हा फिल्टर खर्जाला कात्री लावतो. ६३ हर्ट्झला तर सुमारे २६ डेसिबल जातात. आणि डीजेचा दणका नेमका तिथलाच! म्हणजे ज्यानं तावदानं हलली, ते मापात जेमतेम उरतं. फिल्टर चुकीचा नाही. तो कानाचा हिशेब करतो, छातीचा नाही. 'सी' नावाचा दुसरा फिल्टर आहे, तो तिथे एक डेसिबलही कापत नाही.

मोबाईलचा माईक प्रमाणित नसतो, खर्ज तर तो नीट पकडतही नाही. त्यामुळे माझा आकडा मी छापला नाही, इथंही देत नाही. पण यापुढे कुणी "आवाज मर्यादेतच होता" म्हणालं, तर एवढंच विचारा: कुठला फिल्टर? सरासरी किती वेळाची? आलेख कुठून सुरू केला? 'ए'बरोबर 'सी'चं माप का जाहीर करत नाही?

आणि हो, मी आलेख छापला, तर हेच प्रश्न मलाही विचारा.