जूनमध्ये काम सुटतं

आमच्या कामात जून महिना वाईट. तमिळनाडूत शाळा जूनमध्ये उघडतात, तीन वर्षांचं मूल प्री-केजीत जातं आणि त्याला सांभाळणारी बाई रिकामी होते. भांडण नाही, तक्रार नाही. मूल मोठं झालं, एवढंच. ज्या कामासाठी ठेवलं ते नीट केलं की काम संपतं, आणि पुन्हा नवं घर शोधायचं.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, विट्याजवळची. खानापूर, आटपाडी भागात घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात असतो. जुनं सोनं-चांदी आटवायची, तेजाब टाकून शुद्ध करायची, टंच काढायचा. दुष्काळानं आमची माणसं पिढ्यांपूर्वी गावाबाहेर काढली आणि ती देशभरच्या सराफकट्ट्यांमागच्या गल्ल्यांत जाऊन बसली. चेन्नईत ती सौकारपेठेत भेटतात. आमचे हे तिथल्याच एका दुकानात कामाला. लग्न होऊन आले ती दुकानाच्या वरच्या खोलीत. आमच्यातल्या बायका सहसा बाहेर कामाला जात नाहीत. गेल्या तर गावाकडं बातमी आधी पोचते, पैसे नंतर. पण 2020च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं. उघडलं तेव्हा निम्मी माणसं कमी झाली होती. यांचं काम राहिलं, पगार निम्मा झाला. मग गावाकडच्या बातमीची काळजी करण्यात अर्थ नव्हता.

सौकारपेठेत मूल सांभाळायला बाई लागत नाही. तिथं मारवाडी-गुजराती एकत्र घरं, आजी, काकू, आत्या सगळ्या हाताशी. काम होतं नुंगंबाक्कममध्ये. तिथं लोयोला आणि विमेन्स ख्रिश्चन ही कॉलेजं, कॉलेज रोडवर शंकर नेत्रालय, नुंगंबाक्कम हाय रोडला इन्कम टॅक्सचं मोठं ऑफिस, खादर नवाज खान रोडला महागडी दुकानं. डॉक्टर, प्रोफेसर, अधिकारी, कंपन्यांतली माणसं फ्लॅटमध्ये राहतात, नवराबायको दोघं कामाला जातात, आणि दोघांचेही आईबाप बहुतेक दुसऱ्या गावाला असतात.

आधी एका एजन्सीत गेले. फोटो, आधार, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर, आणि पहिल्या पगारातला निम्मा त्यांचा. टेबलामागच्या बाईनं विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं, "माझी दोन मोठी केलीत." तिनं फॉर्मवर लिहिलं, अनुभव नाही. त्यांनी पाठवलेल्या एका घरी बाळाच्या नावाखाली सहा माणसांचा स्वयंपाक होता, दुसऱ्या घरी बाळ होतं पण पगार भांड्यांवालीचा होता. एजन्सीचा नाद मी तिथंच सोडला.

काम मिळालं ते लोकलमध्ये. बीच स्टेशनवरून तांबरमची गाडी धरली की फोर्ट, पार्क, एग्मोर, चेटपेट आणि मग नुंगंबाक्कम. सकाळी बायकांच्या डब्यात निम्म्या तरी घरकामाच्याच. स्टेशनच्या एका अंगाला चूळैमेडू, तिकडच्या बायका रूळ ओलांडून चालतच येतात. कुठल्या बिल्डिंगीत कोणाला कितवा महिना लागलाय, कोण बाळंतपणाला माहेरी गेलीय, कोणाची सासू गुडघ्यांनी बेजार आहे, हे सगळं या बायकांना ठाऊक असतं. इकडंही पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाला घेऊन सून परत येते आणि रजा संपत आली की घरात धावपळ सुरू होते. तेव्हा जाऊन उपयोग नसतो, तोवर कुणीतरी आपली बहीण आणून उभी केलेली असते. सून माहेराहून यायच्या आधी सासूला भेटून यायचं. हे मला एका स्वयंपाकीण अक्कानं शिकवलं.

तिनंच आणखी एक शिकवलं. काय करीन हे नंतर सांग, काय करणार नाही ते आधी सांग. पाप्पाचे, म्हणजे बाळाचे, कपडे धुईन, मोठ्यांचे नाही. पाप्पाचं जेवण करीन, घराचा स्वयंपाक नाही. रविवार सुट्टी. आणि बाथरूम कुठलं वापरायचं, तेही पहिल्याच दिवशी विचार. हा प्रश्न तोंडातून काढायला मला फार जड गेलं. पण दहा-दहा तास दुसऱ्याच्या घरात काढायचे असतील तर तो पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. एका घरी उत्तर मिळालं, खाली वॉचमनचं आहे ना. चौथ्या मजल्यावर रांगणारं मूल सोडून मी खाली कशी जाणार, असं विचारल्यावर बाई गप्प झाल्या. मी ते काम घेतलं नाही. चहाचा वेगळा ग्लास मात्र बहुतेक घरांत असतो. त्यावर मी भांडत नाही, पण बघते, आणि लक्षात ठेवते.

भाषेचं तर प्रत्येक घराचं वेगळं. तमिळ घरांना तमिळ बोलणारी हवी. माझं तमिळ सौकारपेठेतलं, बाजारातलं. भाव करायला पुरतं, पण बाळाशी बोलायला ते खरखरीत. उत्तरेकडच्या घरांना हिंदी बोलणारी हवी असते आणि अशी बाई चेन्नईत सहजी मिळत नाही. तिथं माझं वजन वाढतं. एका घरी मात्र बाळाशी फक्त इंग्रजी बोलायचं होतं. मला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग कमी बोला. तान्ह्या पोराजवळ दिवसभर मुकाट बसणारी बाई त्यांना चालणार होती, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पहिलं पक्कं काम कॉलेज रोडच्या बाजूला, डॉक्टर नवराबायकोच्या घरी. छताच्या हुकाला जुनी साडी बांधून केलेली झोळी, तिला इकडं तूळी म्हणतात. संध्याकाळी साम्ब्राणीची धुरी. मिरच्या-मीठ ओवाळून काढायची दृष्ट. भाषा सोडली तर मला काही नवं शिकावं लागलं नाही. बाळाची आजी कुंभकोणमहून आली तेव्हा तिनं पिशवीतून सहाण काढली आणि जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ, वेखंड ओळीनं मांडलं. ती म्हणाली, उरै मरुंदु. मी बघितलं, ही तर आमची बाळगुटी. आजीला माझा हात उगाळण्यात बसलेला दिसला आणि ती खूश झाली. पण बाळाची आई डॉक्टर, तिनं सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही असं बजावलेलं. दोघींच्या मधे मी. मी आईचं ऐकलं. एक तर ती शिकलेली होती, आणि दुसरं, पगार ती द्यायची. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग तिनंच मला नलंगु मावु कसं दळायचं ते सांगितलं. अंगाला लावायला डॉक्टरांची हरकत नव्हती.

त्या घरात कॅमेरा होता. कॅमेऱ्याचं मला काही वाटत नाही, उलट बाळ पडलं-धडपडलं तर तोच माझा साक्षीदार. त्रास होतो तो फोनचा. बाळ रडायला लागलं की मिनिटाभरात ऑफिसातून फोन, का रडतोय? फोन घ्यायला एक हात जातो आणि बाळ आणखी रडतं. शेवटी मीच सांगितलं की दहा मिनिटं थांबा, तरी रडला तर मी फोन करीन. ऐकलं त्यांनी.

टीव्हीवर चेन्नईचं तापमान सांगताना नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम अशी दोन नावं घेतात, कारण कॉलेज रोडलाच हवामान खात्याची कचेरी आहे. गावाकडं आई बातम्यांत ते नाव ऐकायची आणि तुमच्याकडं फार ऊन आहे म्हणून फोन करायची. ऊन सोसतं. पाऊस नाही सोसत. इथल्या एका भागाचं नावच लेक एरिया, पूर्वीचं तळं बुजवून झालेला. 2023च्या डिसेंबरात मिचाँग वादळ आलं तेव्हा गाड्या बंद, वीज बंद, आणि मी कामाच्या घरीच अडकले. माझी पोरं सौकारपेठेत बापाजवळ, मी दुसऱ्याच्या पोराला मेणबत्तीच्या उजेडात परुप्पु सादम्, म्हणजे वरणभात, भरवतेय. त्या रात्रींचे पैसे मिळतील का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी आपणहून दिले.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. तमिळनाडूत 2007पासून घरकामगारांचं कल्याण मंडळ आहे. 2018मध्ये घरकामाला किमान वेतनही ठरलं, तेही तासावर. मी काम केलेल्या एकाही घरी हे ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितल्यावर एका साहेबांनी ते मोबाईलवर शोधून पाहिलं, मान हलवली आणि पगार होता तोच ठेवला. ज्याचा रोज उपयोग झाला ती गोष्ट बसची. 2021च्या मे महिन्यापासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. जाताना वेळेसाठी लोकल, येताना फुकटची बस. महिन्याला वाचतं ते पोरांच्या वह्यांना जातं.

दुसरं घर वळ्ळुवर कोट्टमच्या बाजूचं. तिथल्या पणजीबाईंनी माझं आडनाव ऐकलं आणि एकदम मराठीत बोलायला लागल्या. तंजावरचं घराणं. व्यंकोजीराजांनी 1670च्या दशकात तंजावर घेतलं, तेव्हापासून त्यांच्या पाठोपाठ आलेली ही माणसं. जुनी, पोथीतल्यासारखी मराठी, आणि सूर सगळा तमिळ. घरात ती भाषा बोलणाऱ्या त्या एकट्याच उरलेल्या. नातसुनेला कळत नव्हतं, पणजीला रोज बोलायचं होतं, आणि बाळाबरोबर पणजीही माझ्याकडं आली. म्हणजे त्यांना औषध देणं, हात धरून चालवणं, अंबटभाजीला मीठ बरोबर आहे का ते चाखून सांगणं. आवडायचं मला. तरी महिनाभरानं मी नातसुनेला सांगितलं की आता दोन माणसं सांभाळतेय. तिनं 2000 रुपये वाढवले. पणजीबाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरं केलंस.

त्याच घरातल्या पोराला विजयादशमीला तांदळात अक्षर काढायला बसवलं. बरीच घरं शाळेतला प्रवेशही त्या दिवशी पक्का करतात. सगळे फोटो काढत होते. मी मनात ऑक्टोबर ते जून महिने मोजले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीत विचारायला सुरुवात केली.

या वेळी नातसुनेनं बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं. खूप प्रेमळ, प्रामाणिक, हिंदी-तमिळ-मराठी येतं. मी वाचून घेतलं आणि म्हटलं, पगार पण लिहा, रविवारची सुट्टी पण लिहा. ती म्हणाली, ते समोरासमोर ठरवा ना. मी म्हटलं, समोरासमोर मला कमी बोलता येतं. तिनं लिहिलं. दोन फोन आले. पहिल्या बाईंनी विचारलं, केर-फरशी करशील का. दुसरीकडं सोमवारी जायचंय, स्टर्लिंग रोडला. बाळ चार महिन्यांचं आहे, म्हणजे अडीच वर्षं तरी.