न वाजलेला अलार्म

व्हेंटिलेटरवरचं मूल घरी पाठवण्याआधी मी आईबाबांसमोर एक प्रयोग करतो. मुलाच्या गळ्यात साडेतीन मिलिमीटरची ट्रेकिओस्टॉमीची नळी असेल, तर तेवढीच एक कोरी नळी व्हेंटिलेटरच्या पाइपला जोडायची आणि हवेत लोंबकळत सोडायची. म्हणजे नळी गळ्यातून निसटली आहे असं धरायचं. आता मशीनने बोंब मारायला हवी. पुष्कळदा ते मारत नाही. पडद्यावर दाबाचा आकडा जवळजवळ नेहमीचाच, आणि मशीन निवांतपणे खोलीतल्या हवेला श्वास देत राहतं.

"मशीन खराब आहे का, डॉक्टर?" बाबा हमखास विचारतात. खराब नाही, फसलेलं आहे. नळी इतकी बारीक, की तिच्यातून हवा ढकलतानाच पुरेसा अडथळा होतो आणि पलीकडे फुफ्फुस आहे असं मशीनला वाटतं. मोठ्यांच्या रुंद नळीत हा घोळ सहसा होत नाही. मग कमी दाबाच्या अलार्मची मर्यादा वर सरकवायची, दर मिनिटाला जाणाऱ्या हवेचा अलार्म लावायचा आणि नळी पुन्हा लोंबकळत सोडायची. तो वाजेपर्यंत डिस्चार्ज नाही.

पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर असतोच. पण तो ऑक्सिजन उतरल्यावर बोलतो, नळी निसटताना नाही. म्हणून मुलाजवळ शिकलेलं आणि जागं माणूस कायम हवं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2016च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, आणि घरातल्या किमान दोघांना शिकवा म्हणतात.

अमेरिकेतही व्हेंटिलेटरवरच्या मुलांचं घरी जाणं सुखासुखी झालं नाही. आयोवातली केटी बेकेट साडेतीन वर्षांची होती. तिच्या हॉस्पिटलचा खर्च सरकारी योजना देत होती, घरचा मात्र देत नव्हती. 1981मध्ये खुद्द अध्यक्ष रेगन यांनी ही गोष्ट जाहीरपणे मांडली, तेव्हा नियम वाकला आणि ती घरी गेली. आपल्याकडे घरचा खर्च बहुधा कुटुंबाच्याच खिशातून जातो. रात्रपाळीची नर्स परवडणारी घरं मोजकीच. बाकी ठिकाणी नर्स म्हणजे आई.

म्हणून मी आज्यांना पकडतो. एक आजी आधी तयारच होईनात. "माझा हात कापतो." बाहुलीच्या गळ्यात नळी घालता-काढता चौथ्या दिवशी कापायचा थांबला. आकडे त्यांना वाचता येत नव्हते, पण कफाची खरखर आमच्या सिस्टरच्या आधी ऐकू यायची. "सक्शन करा," त्या म्हणायच्या, आणि बरोबर असायच्या.

तातडीच्या पिशवीत हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग, फिती, सक्शनच्या नळ्या आणि ट्रेकिओस्टॉमीच्या दोन नळ्या: एक त्याच मापाची, दुसरी एक नंबर लहान. नळी निघाली की गळ्याचं भोक पटकन आकसतं, मग नेहमीची शिरत नाही. तेव्हा लहान कामी येते. ही पिशवी आजींनी देवघराच्या खुंटीला टांगली. "तिथलं कुणी हलवत नाही."

इन्व्हर्टर, जास्तीची बॅटरी, वीज गेल्यावरचं पायाने चालणारं सक्शन, हे सगळं विकत मिळतं. माझा शेवटचा प्रश्न वेगळा असतो, पाळ्यांच्या कागदावरचा: रात्री दोन ते पाच कोण जागं?

त्या घरात आई लगेच म्हणाली, "मीच." मी कागद परत केला. आजींनी तो सुनेच्या हातून घेतला.

"मी तशीही तीनला उठते. दोनला उठेन."