गलाईवाल्यांचा रविवार

गलाईवाल्याच्या बिऱ्हाडात नवरा-बायकोने जोडीने बाहेर पडायचा वार एकच, रविवार. कडेगाव, विटा, आटपाडी या कमी पावसाच्या पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यावर केरळपासून कोलकात्यापर्यंत आणि पुढे नेपाळातही पांगली. चेन्नई हे त्यांचे एक मोठे ठाणे. जुनी माणसे अजून मद्रासच म्हणतात. गावापासून हजारेक किलोमीटर दूर, भाषा वेगळी, पाट्यांवरची लिपी वेगळी, शाळूचे पीठ गावाहून आणलेले. देश एकच असला तरी घरच्यांच्या लेखी हा परमुलूख.

बिऱ्हाड बहुधा जॉर्ज टाऊन किंवा सौकारपेठेच्या एखाद्या बोळात, दुकानाच्या वर नाहीतर मागे. जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानातला केर यांतले सोने मुशीत वितळवायचे, त्यात चांदी मिसळायची आणि तो गोळा पातळ करून नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. चांदी आणि तांबे विरघळते, सोने तळाशी उरते. विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे घालून परत मिळवतात. या सगळ्यात तांबूस धूर उठतो, घसा खवखवतो. ॲसिडचा शिंतोडा कातडीवर पडला की पिवळा डाग उमटतो आणि ती कातडी झडून नवी येईपर्यंत साबणाने काही जात नाही. गलाईवाल्याची बोटे बघून त्याचा धंदा ओळखता येतो तो असा. रविवारी घाऊक बाजार थंडावतो, भट्टी विझते, आणि आठवडाभर चार भिंतींत राहिलेली बायको सकाळपासूनच विचारते, “अहो, आज कुठं जायचं?”

हा प्रश्न कडेगावात विचारला गेला नसता. मागच्या पिढीपर्यंत गावी नवरा-बायकोने दोघांनीच फिरायला जाणे हा प्रकार नव्हताच. कडेपूरच्या डोंगराईला जायचे ते घरच्या सगळ्या बायकांबरोबर, श्रावणी सोमवारी सागरेश्वराला जायचे ते गाडी भरून. मोहरमला कडेगावचे गगनचुंबी ताबूत एकमेकांना भेटतात. हिंदू-मुसलमान दोघांचाही हा उत्सव बघायला पंचक्रोशी लोटते. पण बायका माडीवर, पुरुष खाली रस्त्यावर. जोडप्याला एकमेकांशी निवांत बोलायला त्या गर्दीत जागा कुठली? पोटासाठी गाठलेल्या शहराने ती जागा आपसूक दिली. गलाईच्या धंद्याने गावात काय आणले, याचा हिशोब माणसे बंगल्यांत आणि विहिरींत करतात. ही गोष्ट त्यात कोणी धरत नाही.

नव्या जोडप्याच्या रविवारची सुरुवात देवळापासून होते. देवदर्शनाला कारण सांगावे लागत नाही, गावी फोनवर सांगितले तरी सासूबाई खूशच. सौकारपेठेपासून जवळ, तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळचे देऊळ आहे. इंग्रजांच्या किल्ल्याच्या जागेतून ते सतराव्या शतकात इथे हलवले गेले. ही विश्वकर्म्यांची, म्हणजे सोनार-लोहारांची देवी. त्यामुळे गलाईवाल्याला ती परकी वाटत नाही. शिवाय दक्षिण दिग्विजयाच्या वेळी 3 ऑक्टोबर 1677 रोजी शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतले, अशी परंपरा देवळात सांगितली जाते. गावाकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती तारीख ऐकवली जाते, आणि ऐकवणाऱ्याचा आवाज तेवढ्यापुरता चढतो.

देवळानंतर समुद्र. नवखी माणसे बीच स्टेशनवर उतरून किनारा शोधत बसतात. तिथे समोर बंदराच्या भिंती. खरा किनारा दक्षिणेला, लाइट हाऊस किंवा तिरुवल्लीकेणी स्टेशनवरून चालत जाण्याजोगा. मरीनाची एवढी रुंद वाळूही त्या बंदराचीच देणगी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराचे बांध समुद्रात गेले, दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्यांना अडून साचत गेली आणि उत्तरेकडचा रोयापुरमचा किनारा मात्र झिजू लागला. गव्हर्नर ग्रँट डफने 1880 च्या दशकात या साचलेल्या वाळूच्या कडेने फिरायचा रस्ता बांधून घेतला आणि मरीना हे नावही त्यानेच दिले. पाण्यात आतवर ओढ आहे, म्हणून पोहायला बंदी; कडेगावच्या माणसाला तिचा जाच नाही, घोट्यापर्यंत पाणी आले की तो मागे सरतो. बायको पुढे जाते. साडीचा काठ भिजतो, ती हसते, तो चपला हातात धरून उभा राहतो. मग सुंडल: उकडलेले पांढरे वाटाणे, त्यात खोबरे आणि कैरीचे तुकडे, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, कागदाच्या पुड्यात. भाव बायकोच करते. बाजारहाट तिच्याकडे असल्याने दुकानदारी तमिळ नवऱ्याआधी तिच्या जिभेवर चढलेले असते. सुरुवातीच्या रविवारी ती चार पावले मागून चालत असते. वर्ष उलटायच्या आत शेजारी येते.

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात मात्र नवरा रेंगाळतो. 1851 साली स्थापन झालेले हे संग्रहालय शुक्रवारी बंद आणि रविवारी उघडे असते, ही गलाईवाल्याच्या सोयीची गोष्ट. तिथल्या चोळकालीन ब्राँझमूर्ती मेणाच्या साच्यातून ओतलेल्या. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप, मग तापवून मेण वाहून घालवायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. साचा फोडला की मूर्ती बाहेर येते, म्हणजे तशी दुसरी निघत नाही. नटराजाच्या प्रभावळीसमोर उभा राहून रस कुठून ओतला असेल, हवा कुठून निघाली असेल, याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला बायको बाहेर बाकावर बसून हाक मारते. संग्रहालय तिच्या आवडीचे ठिकाण नव्हे.

महाबलीपुरम दोघांच्याही आवडीचे. साधारण साठ किलोमीटर, बसने जाऊन संध्याकाळी परत. सोबत दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. सातव्या शतकात पल्लवांनी कोरलेले तिथले रथ अखंड खडकातले. कुठे जोड नाही, झाळ नाही. 1984 पासून ही स्मारके जागतिक वारसा यादीत आहेत, पण बायकांना तिथे आवडते ते मांजर. तपश्चर्येच्या भल्यामोठ्या शिल्पपटावर एक मांजर मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पाय डोक्यावर जोडून तप करते आहे आणि पायाशी उंदीर निर्धास्त. त्या मांजरात प्रत्येकीला गावातला कोणी ना कोणी दिसतो, आणि परतीच्या बसमध्ये त्याच्यावर बोलणे होते.

मुले झाली की रविवारची दिशा बदलते. वंडलूरचे प्राणिसंग्रहालय आणि त्यातले वाघ बापापेक्षा पोराला पाठ होतात. गावाहून सासू-सासरे आले की तिरुपती ठरलेले, तिथे एका दिवसात भागत नाही. समुद्रावर नऊवारीतली सासू आधी पाण्याला हळद-कुंकू वाहते, नारळ सोडते आणि मग कोणाचेही न ऐकता सुनेचा हात धरून पाण्यात उतरते.

पुढे मराठी शाळेसाठी, म्हाताऱ्यांसाठी, किंवा टेंभू योजनेचे पाणी रानात आल्यावर ऊस-द्राक्षे बघायला कोणी हवे म्हणून, बायको-मुले कडेगावला परततात. नवरा यात्रेला, दिवाळीला येतो तेव्हा जोडीने फिरायची सवय त्यांनी बरोबर आणलेली असते. मोटारसायकलवर दोघेच सागरेश्वरला जातात. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्याबोडक्या डोंगरावर वाढवलेले हे जंगल 1985 साली अभयारण्य झाले. सांबर, चितळ दिसतात, माथ्यावरून कृष्णाकाठचा ऊस दिसतो. दोघांच्या अशा फिरण्याची गावात आता चर्चा होत नाही.

चेन्नईत एकटा राहिलेला गलाईवाला रविवारी उशिरापर्यंत झोपतो, कपडे धुतो, आठवड्याचा हिशोब लावतो, शिवजयंती किंवा गणपती जवळ आला की मंडळाच्या बैठकीला जातो. मरीनावर तो सहसा जात नाही.