मांगी-तुंगी : चढणीवरचा घास

नाशिकहून सटाणा आणि ताहाराबाद ओलांडून गाडी भिलवाडकडे वळली की सेलबारी रांगेचे दोन सुळके आकाशात वेगळे उठून दिसू लागतात. मांगीचा कातळ रुंद आणि भिंतीसारखा. तुंगीचा निमुळता, शिवलेल्या टोपीसारखा. दोन्ही शिखरे समुद्रसपाटीपासून ४,३०० फुटांहून उंच आहेत. पायथ्याच्या धर्मशाळांपासून वर जाणाऱ्या पायऱ्या सुमारे ३,५०० भरतात. मोजणारा थकला की आकडा वाढतो, ही गोष्ट वेगळी! याच डोंगराच्या कातळात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ साली प्रतिष्ठित झाली आणि तेव्हापासून या आडबाजूच्या सिद्धक्षेत्राकडे येणाऱ्यांची संख्या वाढली. मात्र यात्रेचे दिवस सोडले, तर आठवड्याच्या मधल्या वारी पहाटे निघालेल्या यात्रेकरूला वरच्या टप्प्यात तासभर दुसरे माणूस दिसेलच, असे नाही. वारा, घारी आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज एवढीच त्याची सोबत असते.

निर्वाणकांडात तुंगीगिरीचे नाव आहे. राम, हनुमान, सुग्रीव आणि त्यांच्यासह ९९ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी परंपरा आहे. श्रीकृष्णांच्या वियोगानंतर विरक्त झालेल्या बलभद्रांनी तप केले तेही येथेच, असे सांगतात. बलभद्रांविषयीची एक कथा या चढणीवर सहज आठवावी अशी आहे. मुनी आहारासाठी नगराकडे आले असता विहिरीवर पाणी भरणारी एक स्त्री त्यांच्या रूपाकडे पाहत राहिली आणि घागरीच्या गळ्यात घालायचा दोर तिने कडेवरच्या बाळाच्या गळ्यात अडकवला. मुनींनी तिला सावध केले. पण आपले रूप कोणाच्या जिवावर उठू नये म्हणून पुढे नगरात पाऊल टाकायचे नाही, असा नियम त्यांनी घेतला. रूपाच्या मोहाची कथा म्हणून ती सांगितली जाते. कथेतल्या त्या स्त्रीचा हात मात्र दुष्ट नव्हता. तो फक्त लक्षाविना चालत होता, आणि गळ्याशी आलेले संकट तेवढ्यानेच ओढवले होते.

डोंगरावर एकट्याने जाणारा यात्रेकरू बहुधा प्रौढ वयाचा, व्यापारी घरातला असतो. वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर बसून दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत जेवण्याची त्याला सवय असते. पोळीचा तुकडा तोंडात, फोन कानाशी, नजर तागा मोजणाऱ्या नोकराकडे. हीच सवय त्याच्याबरोबर पायऱ्या चढते. फरक इतकाच की दुकानात घास अडकला तर पाठीवर थाप मारायला चार माणसे धावून येतात. तुंगीच्या वळणावर कोणी नसते.

त्यातच व्रताचे वेळापत्रक घास नेमका चढणीत आणून ठेवते. नवकारशी करणारा सूर्योदयानंतर ४८ मिनिटे मुखात काही घालत नाही. पहाटे निघालेला यात्रेकरू तोवर निम्मी चढण चढून गेलेला असतो, धापा टाकत असतो. घड्याळात वेळ भरल्याचे दिसताच तो चालता चालता पिशवीतला खाखरा किंवा मूठभर शेंगदाणे काढतो. दिवसाच्या दुसऱ्या टोकाला तसेच. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दोन्ही शिखरांची परिक्रमा करून उतरणारा चौविहारवाला पाऊणशे पायऱ्या उतरतो, पश्चिमेकडे पाहतो, पुन्हा उतरतो. भोजनशाळा गाठणे अशक्य आहे हे कळले की उरलेला लाडू तो उभ्या उभ्या, दोन-तीन घासांत संपवतो. व्रत पाळण्याची ही तळमळ आदरणीयच आहे. पण त्या दोन-तीन घासांत प्राणावर बेतू शकते, हेही तितकेच खरे आहे.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. घसा हा अन्न आणि हवा यांचा सामाईक रस्ता आहे. प्रत्येक घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटते आणि श्वास थांबतो. शांत बसलेल्या माणसाला हा विराम जाणवतही नाही. हजार पायऱ्या चढून आलेल्या माणसाचे फुफ्फुस मात्र तो क्षणदेखील द्यायला तयार नसते. गिळण्याच्या मधेच ते हवा ओढते आणि हवेबरोबर दाणा नको त्या वाटेने जातो. घाम गेल्याने तोंड कोरडे पडलेले असते, लाळ अपुरी असते. त्यावर शिदोरी तरी कशी? आख्खे बदाम, खारीक, फुटाणे, कोरडा खाखरा, चिकट सुखडी. टिकाऊ म्हणून निवडलेले हे पदार्थ घशाच्या दृष्टीने सर्वांत अवघड. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती तर आख्खे शेंगदाणे, चणे किंवा बदाम देऊच नयेत. डोलीत हिंदकळणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे विशेष.

परंपरेने या धोक्याचा विचार आपल्या पद्धतीने केलेला दिसतो, जरी तिचा हेतू आशातना टाळण्याचा आणि जीवदयेचा होता. शत्रुंजयावर यात्रेकरू काही खात नाही. यात्रा करून खाली उतरल्यावर तळेटीला भाता घेतो. एकासणे म्हणजे एका आसनावर, न उठता घेतलेले भोजन. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभे राहून, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. तेव्हा ते मौनात आणि स्थिर असतात, आणि पुढचा घास आधीचा संपल्यावरच ओंजळीत पडतो. म्हणजे उभे राहणे हा दोष नव्हे. चालणे, बोलणे आणि घाई हे दोष. ईर्यासमितीत चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकायचे असते. पायऱ्यांवर ज्याचे डोळे पावलांवर आणि तोंड घासावर आहे, त्याला दोन्हींपैकी एकही नीट साधत नाही.

चढणीवर खाणे भागच असेल, तर श्वास निवल्याची खूण घरचीच आहे. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार २७ श्वासोच्छ्वासांत म्हणण्याची रीत आहे. पायरीवर बसून हा कायोत्सर्ग न अडखळता, श्वास न तुटता पूर्ण झाला की घसा अन्नासाठी तयार झाला, असे समजायला हरकत नाही. मग दोन घोट उकळलेले पाणी, मग लहान घास. बदाम कुटून नेले, खाखऱ्याऐवजी मऊ पुरी किंवा ठेपला नेला, तर आणखी बरे. आणि संध्याकाळचा हिशेब सकाळीच करावा : एकट्याने दोन्ही शिखरे करायची, तर सूर्यास्तापूर्वी दीड तास उतरण सुरू व्हायला हवी. नाही जमले, तर त्या दिवशी एकच शिखर करावे.

एवढे करूनही घास अडकू शकतो. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो : आवाज निघतो की नाही? ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, चेहरा लाल झाला, पण खोकता येते, तोवर हवा आत-बाहेर होत आहे. खोकत राहावे, जोराने खोकावे. घरात ठसका लागला की वडीलधारी माणसे ‘वर बघ’ म्हणतात, टाळूवर थोपटतात, पाण्याचा पेला पुढे करतात. घास खरोखर अडकला असता यातले काहीच उपयोगी नाही. मान वर करण्यापेक्षा पुढे वाकणे चांगले, आणि बंद वाटेवर ओतलेले पाणी अडचण वाढवते. तोंडात बोट घालून आंधळेपणाने शोधू नये. तुकडा आणखी खोल जातो.

खरा धोका निःशब्द असतो. खोकला उमटत नाही, शब्द फुटत नाही, हात आपोआप गळ्याकडे जातात, ओठ निळसर होऊ लागतात. हवा पूर्ण बंद झाल्यावर शुद्ध फार तर मिनिट-दोन मिनिटे टिकते आणि चारेक मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते. भिलवाडहून माणूस वर यायला लागणारा वेळ यात कुठेच बसत नाही. म्हणून एकट्या यात्रेकरूने मदतीची वाट पाहायची नसते. आपल्या हातांनी काम सुरू करायचे असते.

एका हाताची मूठ वळावी. तिची अंगठ्याकडची बाजू बेंबीच्या किंचित वर, छातीच्या मधल्या हाडाच्या पुरेशी खाली, पोटावर टेकवावी. दुसऱ्या हाताने ती मूठ घट्ट धरून आत आणि वरच्या दिशेने जोरात झटका द्यावा. पुन्हा द्यावा. या झटक्याने छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलला जातो, फुफ्फुसांत उरलेली हवा दाबली जाते आणि बाटलीचे बूच उडावे तसा तुकडा बाहेर फेकला जातो. हातांत जोर पुरेना, तर कमरेच्या उंचीची पक्की कड शोधावी, बेंबी आणि छाती यांच्यामधला पोटाचा भाग तिच्यावर टेकवावा आणि अंगाचा भार टाकून झटक्याने दाबावे. घरात हे खुर्चीच्या पाठीवर करता येते. ‘थोरॅक्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या एका छोट्या अभ्यासात तर खुर्चीच्या पाठीवर स्वतःला दाबल्याने छातीत निर्माण होणारा दाब इतर प्रकारांहून अधिक भरला होता. म्हणजे एकटा माणूस या बाबतीत अगदीच असहाय नाही.

पोटाला झटका देण्याची ही पद्धत अमेरिकेतील सिनसिनाटीचे शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली त्याच २०१६ सालच्या मे महिन्यात, वयाच्या ९६व्या वर्षी, हाइमलिक यांनी आपल्या वृद्धनिवासाच्या भोजनगृहात शेजारी बसलेल्या ८७ वर्षांच्या बाईंचा अडकलेला घास याच पद्धतीने काढला. त्याच वर्षाअखेर त्यांचे निधन झाले.

डोंगरावर मात्र कड निवडताना विवेक हवा. दरीच्या बाजूचा कठडा कमरेइतका, हाताशी आणि सोयीचा असला, तरी त्यावर वाकू नये. त्या क्षणी शुद्ध हरपली, तर तोल दरीकडे जाईल. डोंगराच्या बाजूचा कातळ, बसण्याचा ओटा, आतल्या वळणावरची भिंत पाहावी. कड धारदार असेल, तर मधे पिशवी किंवा घडी केलेली शाल ठेवावी. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडावा.

दुसरी गोष्ट संकोचाची. ठसका लागलेला माणूस चारचौघांत नको म्हणून बाजूला जातो; भोजनशाळेतून उठून नळाकडे जाणारे कितीतरी दिसतात. पायऱ्यांवर कोणी दिसत असेल, तर त्याच्याकडे जावे, झाडाआड नव्हे. पिशवीला लावलेली शिट्टी या प्रसंगी निरुपयोगी आहे, कारण ती फुंकायला श्वासच नाही. स्टीलची बाटली दगडावर आपटावी. तो आवाज खिंडीत दूरवर जातो. फोनला संपर्क असेल, तर चार-पाच झटक्यांनंतर १०८ किंवा ११२ लावून फोन तसाच चालू ठेवावा आणि झटके थांबवू नयेत.

कोणी धावून आले, तर त्याने काय करावे हेही घरोघरी माहीत असायला हवे. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, मग मागून कवेत घेऊन पोटाला पाच झटके, आणि हेच आळीपाळीने. गर्भवतीच्या बाबतीत पोटाऐवजी छातीच्या मध्यावर दाब द्यावा. वर्षाखालील बाळाला पोटाचे झटके कधीही देऊ नयेत. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने छातीवर पाच दाब. मोठा माणूस बेशुद्ध पडला, तर त्याला उताणे निजवून छातीच्या मध्यावर दाब सुरू करावेत.

तुकडा बाहेर पडला की शरीर थरथरते, घसा सोलवटल्यासारखा होतो, पोट दुखते. काही यात्रेकरू तोंड धुऊन पुढची चढण चढू लागतात. तसे करू नये. जोरदार झटक्यांनी पोटातल्या अवयवांना इजा झालेली असू शकते आणि ती लगेच कळत नाही. दाण्याचा एखादा कण श्वासनलिकेत मागे राहिला, तर काही दिवसांनी ताप, खोकला, छातीत घरघर सुरू होते आणि दुकानात बसलेल्या माणसाला त्याचा संबंध त्या चढणीशी जोडता येत नाही. म्हणून तिथूनच मागे फिरावे, चालवत नसेल, तर डोलीवाल्यांना निरोप धाडावा, आणि त्याच दिवशी सटाण्याला डॉक्टरांना दाखवावे. तपासणीच्या वेळी काय खाल्ले होते आणि पोटाला किती झटके दिले, हे दोन्ही सांगावे.